हाताला स्वतःचाही एक जॉब हवा

भोसरी, पिंपरी, आकुर्डी, तळवडे, चाकण या पट्ट्यात काम करणाऱ्या माणसाला शतांश मिलिमीटर म्हणजे किती, हे समजावून सांगावं लागत नाही. मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून लागलो आणि आज तिथेच नव्या पोरांना काम शिकवतो. आयटीआयतून नुकताच आलेला मुलगा काही महिन्यांत मायक्रोमीटर धरून ठामपणे सांगतो, "जॉब दोन शतांशाने मोठा आहे." त्याच मुलाला मी एक प्रश्न हमखास विचारतो: स्वतःसाठी शेवटचं काय बनवलंस? बहुतेकांचं उत्तर आयटीआयतल्या मेल-फीमेल फिटिंगपाशी थांबतं. कानशीने घासून एक तुकडा दुसऱ्यात बसवला, मार्क मिळाले, तुकडे भंगारात गेले. त्यानंतर त्याच्या हाताखालून हजारो नग निघाले, पण त्याच्या घरात त्यातलं काहीच नाही. आपला नग शेवटी गाडीत कुठे बसतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. ज्या शहराचं पोट हातांच्या कौशल्यावर चालतं, त्या शहराने त्या हातांना स्वतःसाठी एक अख्खी वस्तू बनवायची जागा, हत्यारं आणि निमित्त दिलं पाहिजे. निमित्त म्हणून मी एक वस्तू सुचवतो: एका हाताने उचलून नेता येईल असा, घरी बनवलेला स्पीकरचा डबा.

स्पीकरच का, ते सांगतो. आमचं चिखलीचं भजनी मंडळ. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, त्यामुळे पखवाजाचा कान इथे घरोघरी तयार असतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेला, ताजी कणीक लावतात. ती किती लावायची, कधी काढून पुन्हा मळायची, यावर वाजवणाऱ्याची अर्धी अक्कल दिसते. त्या कणकेच्या वजनाने कातडं सावकाश हलतं आणि खालचा, भरीव सूर निघतो. मंडळाने बाजारातून चाकांचा एक प्लॅस्टिकचा स्पीकर आणला होता. त्यातून शब्द कळत, टाळ कानात घुसत, पण धूम मात्र पत्र्याच्या डबड्यावर थाप मारल्यासारखी यायची. पखवाज वाजवणारे बुवा म्हणाले, "तुम्ही कंपनीत एवढं अचूक काम करता ना, मग याचं काहीतरी करा की." मी ते काम अंगावर घेतलं. सोबतीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी मुलगी होती.

खालचा सूर डब्याशिवाय का निघत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवून बघा. मॅग्नेट कितीही मोठा असो, बेस येत नाही. कोन पुढे ढकलला जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मागची लाट कडेने वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. ५० हर्ट्झच्या सुराची लाट जवळपास सात मीटर लांब असते. तिला सहा इंची स्पीकरला वळसा घालायला काहीच अडचण नसते. डबा या दोन लाटांना वेगळं ठेवतो. म्हणजे डबा हे स्पीकरचं कपाट नसून त्याचा चालता भाग आहे, आणि त्याचं माप चुकलं तर महागडा स्पीकरही वाया जातो.

आज आपण वापरतो तो फिरत्या कॉइलचा स्पीकर अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडला. मागची लाट नुसती अडवण्याऐवजी एका नळीतून वळवून कामाला लावायची कल्पना बेल लॅबच्या आल्बर्ट थुरास यांची. त्यांनी १९३० साली पेटंटसाठी अर्ज केला. १९५४ साली एडगर विलचर यांनी उलटी वाट धरली. डबा पूर्ण बंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं आणि छोट्या डब्यातून खोल बेस काढून दाखवला. पण डबा किती लिटरचा हवा आणि नळी किती लांब, हे बरेच दिवस अंदाजानेच चाले. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थिएल यांनी १९६१ साली आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते गणितात बसवलं. आज चांगल्या स्पीकरच्या कागदावर जे आकडे छापलेले असतात, त्यांना या दोघांचंच नाव आहे. ते आकडे हाती आले की डब्याचं ड्रॉइंग काढता येतं. ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसांच्या शहरात याहून सोयीची गोष्ट कुठली?

या विद्येत एक नियम आहे, तो मी आमच्या पोरांना फळ्यावर लिहून देतो. जोसेफ हॉफमन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने तो ओळखला जातो. छोटा डबा, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोनच मिळतात, तिसरी सोडावी लागते. मिरवणुकीत टेम्पोवर जे अठरा इंची पेट्यांची भिंत चढवतात, त्यांनी खोल आणि मोठा आवाज निवडलेला असतो, म्हणून पेट्या कपाटाएवढ्या होतात. आम्हाला छोटा डबा आणि खोल बेस हवा होता. देवळाच्या सभामंडपात पंचवीस-तीस माणसांना पुरेल एवढा आवाज झाला की आमचं भागत होतं. आपल्याला काय हवं आणि त्यासाठी काय सोडायचं, हे करवत हातात घेण्याआधी ठरवावं लागतं. कंपनीत हा निर्णय डिझाइनवाले घेतात. इथे तो माझ्या मुलीने घेतला.

आमचा डबा आतून २० बाय २४ बाय २८ सेंटिमीटर आहे. म्हणजे साडेतेरा लिटरच्या जवळ. स्पीकर, नळी आणि आतली आडवी पट्टी यांनी खाल्लेली जागा वजा केली की निव्वळ १२ लिटर उरतात. साडेसहा इंची वूफर, वर एक इंची ट्वीटर, आणि आतून ५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप. डबा ५० हर्ट्झला बसवायचा तर या पाइपची लांबी गणिताने १६ सेंटिमीटर येते. मुलीने विचारलं, "बाबा, डबा अर्धा केला तर?" मी म्हटलं, गणित तूच कर. सहा लिटरच्या डब्याला त्याच सुरासाठी जवळपास ३६ सेंटिमीटरचा पाइप लागतो. तो त्या डब्यात मावणार कसा? पाइप बारीक केला तर लांबी कमी होते, पण मग मोठ्या आवाजात हवा फुसफुसते. अशा एकेका प्रश्नातून ती जे शिकली, ते पुस्तकातल्या सूत्राखाली दोन रेघा मारून शिकली नसती.

प्लाय १२ मिलिमीटरचा घेतला. एमडीएफ दाट आणि एकसारखा असतो, कापायला सोपा, घरात ठेवायच्या डब्याला उत्तम. पण तो जड असतो आणि पाणी लागलं की फुगतो. वारीच्या वाटेवर आषाढाच्या सरी असतात, म्हणून आम्ही प्लाय पसंत केला. रिकामा डबा तीन किलोच्या आसपास भरला. पातळ भिंती थरथरू नयेत म्हणून आत मधोमध पोकळ चौकटीची एक पट्टी बसवली. सांधे फेव्हिकॉलने जोडले, गुण्या लावून काटकोन तपासला, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवले. स्पीकरच्या कडेखाली गाडीच्या दाराला लावतात तसलं रबरी बीडिंग घातलं. या पट्ट्यात ते मिळवायला कुणाला लांब जावं लागत नाही. डब्यात केसाएवढी फट राहिली तरी हवा शिट्टी घालते आणि बेस पळतो. मिलिमीटरच्या शतांशावर जगणारी माणसं हे काम जीव लावून करतात.

लाकूड कुठून आणायचं, हा प्रश्न आपल्याकडे पडूच नये. परदेशातून येणारी यंत्रं आणि सुटे भाग लाकडी खोक्यांत, पॅलेटवर येतात. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात एचटी अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते घरात वापरायला हरकत नाही. एमबी असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरवलेलं असतं, त्याला हात लावू नये. प्लायवूडच्या खोक्यांना हा शिक्का लागत नाही, कारण प्लाय बनतानाच उष्णतेत दाबला जातो. आमचा सगळा डबा अशाच एका खोक्याच्या दोन बाजूंतून निघाला.

असं सामान मिळण्याची आमची हक्काची जागा होती कुदळवाडी. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं, छोटे कारखाने, शेड मोठ्या कारवाईत पाडली. तिथे आगी लागत, धूर होई, बांधकामं विनापरवाना होती, हे खरं आहे आणि शेजारी राहणारा म्हणून मी ते सोसलंही आहे. पण त्याच गल्ल्यांत उद्योगांनी टाकलेल्या वस्तूंना दुसरं आयुष्य मिळत होतं. पॅलेटची टेबलं व्हायची, जुन्या मोटारी गुंडाळून पुन्हा चालू व्हायच्या, एखाद्या पोराला पन्नास-शंभर रुपयांत स्पीकर मिळायचा. शेड पाडली की महापालिकेचं काम अर्धंच होतं. अग्निशमनाची सोय असलेल्या, आखलेल्या जागेत हा बाजार पुन्हा उभा करणं हा त्या कामाचा उरलेला अर्धा भाग आहे. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे, म्हणून तिथे शिकणारी पोरं तयार झाली. बाजार असेल तिथे कारागीर घडतो.

सर्किटचं सामान आम्ही बुधवार पेठेतूनच आणलं. टीपीए ३११६ चिपचा तयार अॅम्प्लिफायर बोर्ड, लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल, त्यांचं रक्षण करणारं बीएमएस, आणि बॅटरीच्या अगदी जवळ एक फ्यूज. भंगारातले सुटे लिथियम सेल वापरू नका, हे मी पोरांना हात जोडून सांगतो. ते पेट घेतात. इथे बचत करायची नाही.

याच टप्प्यावर मुलीला बाजाराचं एक मोठं खोटं उमगलं. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरांवर शेकड्यांनी वॅट छापलेले असतात. आमच्या चार सेलचा दाब १२.८ व्होल्ट. चार ओहमच्या स्पीकरला त्या दाबावर स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २० वॅट जाऊ शकतात. दाबाचा वर्ग करा, दुप्पट ओहमने भागा, कुणीही पडताळून पाहावं. आणि २० वॅट पुष्कळ असतात. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. सरासरी ५ वॅट खर्च धरला तर आमची ६ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा तास पुरते. अख्ख्या रात्रीचं कीर्तन होतं. खोक्यावरचा आकडा वाचून पैसे मोजणारं गिऱ्हाईक आणि तो आकडा कागदावर तपासून पाहणारा नागरिक, या दोघांत हे एवढं गणित असतं.

डबा जोडून झाल्यावर पहिला नग पास करायचा असतो, तसा आम्ही तो तपासला. फोनवरून शुद्ध सूर सोडायचा, १०० हर्ट्झपासून हळूहळू खाली उतरवत न्यायचा आणि कोनाकडे बघायचं. कोन जोरात हलत असतो. डबा ज्या सुराला बसवला आहे तिथे पोचलं की कोन जवळजवळ थांबतो आणि सगळं काम नळीतली हवा करू लागते. नळीच्या तोंडाशी हात धरला की वारा लागतो. आमचा कोन ५० हर्ट्झच्या अगदी जवळ थांबला. कागदावरचा आकडा हवेत खरा ठरलेला पाहून मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यावर एकदा तरी यावं, म्हणून मी हा लेख लिहितो आहे. त्या सुराच्या खाली कोनाला आवरणारं काही उरत नाही, म्हणून तिथला भाग अॅम्प्लिफायरच्या आधीच गाळून टाकावा लागतो. तेही आम्ही केलं. मग डबा सभामंडपाच्या कोपऱ्यात भिंतीला लागून ठेवला. खालच्या सुराला भिंतींचा आधार मिळतो आणि तो भरून येतो. बुवांनी धुमेवर हात टाकला आणि मान डोलावली.

आता आवाजाबद्दल बोलायलाच हवं, कारण बेस म्हटलं की आपल्या शहरातल्या माणसाला सणाच्या दिवसांत थरथरणाऱ्या खिडक्या आठवतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली यांच्या अंमलबजावणीबद्दल सरकारला सविस्तर आदेश दिले. तरी दरवर्षी भिंती उभ्या राहतात. मला वाटतं, पोलिसांचा दंडुका इथे पुरणार नाही, आवाजाची समज वाढवावी लागेल. आमचा वूफर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो. एक वॅट! उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे हा छोटा डबासुद्धा पूर्ण उघडला तर आळीत नियम मोडू शकतो. हा हिशोब ज्या मुलाने स्वतः केला, त्याला हजारो वॅटचं कौतुक उरत नाही. बेस खरा की नुसता धडधडाट, हे त्याच्या कानाला कळू लागतं. मंडळांच्या कार्यकर्त्यांना नोटिसा जरूर द्या, पण त्यांच्यातल्या दहा पोरांना बोलावून एक डबाही बनवायला लावा.

लोक म्हणतात, बाजारात तयार स्पीकर मिळतो, एवढी खटपट कशाला? खटपटीतच तर सगळी कमाई आहे. शिवाय तयार स्पीकर बहुतेक वेळा डिंकाने बंद केलेला असतो. बॅटरी बसली की दुकानदार नवा घ्या म्हणतो आणि जुना कचऱ्यात जातो. आमचा डबा मागच्या झाकणाच्या आठ स्क्रूंनी उघडतो. सेल बदलता येतात, बोर्ड बदलता येतो, कोन फाटला तर नवा बसवता येतो. लाकडाचा डबा तर मुलीच्या मुलांपर्यंत टिकेल.

हे सगळं घरात करता येणं मात्र सोपं नाही. शिफ्टमध्ये राबणारी पोरं चाकण, मोशी, तळवड्याच्या भाड्याच्या खोल्यांत चार-चार जण राहतात. तिथे करवत चालवायला जागा नाही, भुसा उडाला तर मालक ओरडतो. म्हणून माझी मागणी महापालिकेकडे आणि कंपन्यांकडे आहे. मोरवाडीत महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे. चिंचवडला सायन्स पार्क आहे, ऑटो क्लस्टर आहे. भोसरीतल्या बहुतेक शॉपना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी आणि रोज संध्याकाळी या जागांमधली एक कार्यशाळा कामगार आणि त्यांच्या मुलांसाठी उघडी ठेवा. नाममात्र वर्गणी घ्या. करवत, ड्रिल, शिकंजे, सोल्डरिंगची जागा, मल्टिमीटर आणि शिकवायला एक जुना फिटर, एवढ्यावर ती चालेल. निवृत्त टूलरूमवाले या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांना कुणी बोलावत नाही. कंपन्यांनी सीएसआरमधून यंत्रं द्यावीत, खोक्यांचा प्लाय निवडून द्यावा.

हे नवलाचं मागणं नाही. चाकणच्या पूर्वेला पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून ते दुष्काळी गावात राहायला गेले, ते याच विश्वासाने की हाताने केलेल्या कामातून शिकलेलं पक्कं होतं. शाळेत नापास झालेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब आली, तेव्हा जगात अशा जागा अगदी मोजक्या होत्या. एका खेड्याला जे जमलं, ते शेजारच्या उद्योगनगरीला न जमायला काहीच कारण नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका. एवढ्या थोड्या काळात हे शहर बाहेरगावाहून आलेल्या हातांनी उभं केलं. त्या हातांकडून आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर नग काढून घेतले. आता त्यांना स्वतःचं ड्रॉइंग काढू द्या. मोरवाडीच्या आयटीआयची एक खोली या येत्या गुरुवारपासून उघडा. शिकवायला मी येतो, आणि माझ्यासोबत टूलरूममधले आणखी काहीजण यायला तयार आहेत.